जमिनीची धूप शेतकऱ्यांना समजावून सांगताना नेमके काय बोलावे? (जिल्हा सोलापूर)

प्रश्न : क्षेत्र कार्यकर्ती, मोहोळ तालुका

नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातील एका गावात पाणलोट विकासाच्या कामावर दीड वर्षापासून आहे. आपल्या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी दिसते तशीच इथल्या शिवाराची रचना आहे. वरच्या अंगाला मुरमाड माळ, मधल्या टप्प्यात हात-दीड हात खोलीची मध्यम जमीन आणि ओढ्याच्या काठाने खोल काळे रान. माळाच्या उतारावर ओघळी पडल्या आहेत, जुने बांध अनेक ठिकाणी कोरले गेले आहेत आणि दोन शेतांत तर पेरणीच्या तासात मुरूम उघडा पडलेला स्पष्ट दिसतो.

मागच्या महिन्यात ग्रामसभेत या विषयावर बोलण्यासाठी मला वीस मिनिटे मिळाली. मी तक्ते तयार करून नेले होते. सालपट धूप, ओघळ धूप आणि घळ धूप असे प्रकार सांगितले, देशात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक माती वाहून जाते हा आकडा सांगितला, आणि इंचभर माती तयार होण्यासाठी शेकडो वर्षे लागतात हेही सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यानंतर एका वृद्ध शेतकऱ्यांनी विचारले, "बाई, माती जाते म्हणता, ती जाते कुठं? वरच्याच्या रानातली खालच्याच्या रानात येते. गावातली माती गावातच राहते की." मी समुद्राचे आणि धरणातील गाळाचे उदाहरण दिले, परंतु त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

दुसरा प्रश्न एका तरुण शेतकऱ्याचा होता आणि तो मला अधिक अवघड वाटला. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात ज्यांची जमीन खरडून गेली त्यांचे पंचनामे झाले. आमच्या माळावरच्या जमिनीचा पंचनामा कधीच झाला नाही, मग आमचे काय गेले, असे त्याचे म्हणणे होते. नुकसान म्हणजे एका रात्रीत झालेले आणि कागदावर नोंदले गेलेले नुकसान, असाच अर्थ लोकांच्या मनात पक्का झाला असेल, तर दरवर्षी कागदाच्या जाडीएवढ्या थराने जाणाऱ्या मातीविषयी त्यांच्याशी कसे बोलावे?

माझी अडचण माहितीची नाही, सांगण्याची आहे. कोणत्या मापात सांगावे, कोणत्या वेळी सांगावे, आणि मुळात ते मी सांगावे की गावातल्याच कोणी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. येत्या पावसाळ्यापूर्वी मला पुन्हा एकदा लोकांसमोर उभे राहायचे आहे.

उत्तर : निवृत्त कृषी पर्यवेक्षक, मंगळवेढा

ताई, मृद संधारणाच्या कामावर मंगळवेढा आणि सांगोला या दोन तालुक्यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. आपल्याला ग्रामसभेत जे दोन प्रश्न विचारले गेले, ते मलाही वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारले गेले आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी शब्दाविषयी. 'धूप' हा शब्द पुस्तकातला आणि कार्यालयातला आहे. आपल्या भागातला शेतकरी 'रान वाहून गेलं', 'रान उतरलं', 'मुरूम वर आला' असे म्हणतो. यातील 'मुरूम वर आला' या शब्दप्रयोगाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. माळावरच्या शेतकऱ्याला विचारा, की रानातले दगड दरवर्षी वेचून बांधावर टाकता, तरी पुढच्या वर्षी नवे दगड कोठून येतात? बहुतेक जण सांगतील, की आमचे रानच तसे आहे, दगड वर येतात. तेथे थांबा आणि त्यांनाच पुढचा विचार करू द्या, कारण दगड होता तेथेच असतो आणि त्याच्या भोवतालची माती खाली गेलेली असते. ही गोष्ट मी अनेक वर्षे स्वतः सांगत असे. पुढे मी ती सांगणे सोडले आणि विचारू लागलो, तेव्हा फरक पडला. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणूस विसरत नाही.

आता मापाविषयी. 'टन प्रति हेक्टर' हे माप आपल्या शिवारात कोणीही वापरत नाही. जमीन एकरात आणि गुंठ्यात मोजली जाते, आणि माती, मुरूम, वाळू ब्रासमध्ये. म्हणून हिशेबही त्याच मापात मांडावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर तो सुमारे १४३ घनफूट, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास भरतो. आपण सांगितलेली देशाची सरासरी याच हिशेबाने एकरी पावणेदोन ब्रासच्या थोडी पुढे जाते. "तुमच्या एकरातून दरवर्षी पावणेदोन ब्रास माती कोणी न विचारता भरून नेली, तर चालेल का?" असे विचारल्यावर सभेतली शांतता वेगळी असते. ब्रासचा भाव प्रत्येकाला पाठ असतो, तो आपल्याला सांगावा लागत नाही.

याला जोडूनच गाळाचा विषय काढावा. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू आहे आणि उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॉलीने आणून रानात पसरणे आता सर्वांच्या सवयीचे झाले आहे. गाळ फुकट मिळाला तरी वाहतुकीला पैसे मोजावे लागतात. सोलापूरजवळचा एकरुख, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, १८७१ साली पूर्ण झाला. त्यात दीडशे वर्षे जो गाळ येत राहिला, तो वरच्या शिवारांतूनच आला आहे. जी माती आपण भाडे देऊन परत आणतो, ती कोणाच्या तरी रानातून एकेकाळी फुकट गेलेली असते, हे लोकांना एकदा दाखवून दिले की वेगळे सांगावे लागत नाही.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र समुद्र दाखवून देऊ नका. त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे आणि ते खरे असल्याचे आपण आधी मान्य करावे. १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी देशाचा जो अंदाज मांडला, ज्यातून आपला हेक्टरी १६ टनांचा आकडा आला आहे, त्यातच असे म्हटले आहे की सुटलेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत साचते आणि ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते. म्हणजे निम्म्याहून अधिक माती खरोखरच 'खालच्याच्या रानात' किंवा वाटेत कोठेतरी राहते. पण कोणती माती राहते, हा प्रश्न त्यांना विचारावा. उतार कमी झाला की पाणी आधी जड माल टाकते, म्हणजे गोटे, वाळू, भरड कण. ज्या बारीक कणांत ओल धरण्याची आणि अन्न धरून ठेवण्याची ताकद असते, ते गढूळ पाण्याबरोबर ओढ्याला लागतात. वरच्याचे गेले तेवढे सगळे खालच्याला मिळाले असे होत नाही. उलट खालच्याची उगवून आलेली रोपे पहिल्याच मोठ्या पावसात वाळूखाली दबतात. ओढ्याकाठच्या दोन-तीन शेतकऱ्यांना हे बोलायला लावले, तर त्या आजोबांना तेच उत्तर देतील.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी. बोलण्याची सुरुवात बांधापासून करू नये. आपल्या जिल्ह्यात १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर मोठ्या प्रमाणावर बांधबंदिस्ती झाली, पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवरही झाली. हे बांध समपातळी रेषेवर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेवर घातले गेले. ती रेषा जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे जाते, सातबाऱ्यावरच्या हद्दीप्रमाणे जात नाही, त्यामुळे अनेकांच्या रानाचे तिरपे तुकडे पडले. औत फिरवताना अडचण होऊ लागली आणि ते बांध पुढच्या पिढीने नांगरून टाकले. त्यातच बांधकऱ्यांचे आपसातले वाद असतात. बांध कोरला म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चाललेल्या आपण पाहिल्या असतील. अशा गावात आपण 'बांध' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात माती येत नाही, शेजारी येतो. आधी माती दाखवावी, मग पाणी आणि बांध सर्वांत शेवटी.

वेळेविषयी एवढेच सांगतो, की ग्रामसभेच्या खोलीत हा विषय कधीच पोचणार नाही. आपला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि रब्बीसाठी राखलेली जमीन तोपर्यंत उघडी असते. जून ते सप्टेंबर कुळवाच्या पाळ्या घालून रान स्वच्छ ठेवणे, हे आपल्याकडे चांगल्या शेतकऱ्याचे लक्षण मानले जाते. ती पाळी तणासाठी योग्यच आहे, पण त्याच उघड्या, भुसभुशीत रानावर पावसाचा पूर्ण मारा बसतो. मोठ्या पावसानंतरच्या सकाळी, चिखल असतानाच, दहा माणसे घेऊन शिवारफेरी काढावी. माथ्यापासून ओढ्यापर्यंत पाण्याच्या वाटेने चालत जावे आणि आपण कमीत कमी बोलावे.

उत्तर : शेतकरी, बार्शी तालुका

वरील साहेबांनी ब्रासचा हिशेब फार चांगला सांगितला आहे. मी त्यात बायकांच्या मापाची भर घालते. माझ्या सासूबाईंनी १९७२ च्या दुष्काळात बंडिंगच्या कामावर घमेली वाहिली आहेत. त्या अजूनही मातीचा अंदाज घमेल्यातच सांगतात. मी गुंठ्याचा हिशेब करून पाहिला. एका गुंठ्यावरून एक मिलिमीटर थर गेला तर सुमारे शंभर लिटर माती होते, वजनाने एकशे तीस किलोच्या आसपास. घरातले घमेले भरून मोजले तेव्हा ती दहा-बारा घमेली भरली. एका गुंठ्याची! एकराचे चाळीस गुंठे. हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, की एवढी घमेली तर आम्ही दिवसभर वाहत होतो.

ताई, आपण ग्रामसभेचा उल्लेख केला आहे म्हणून विचारते, त्या सभेत बायका किती होत्या? आमच्याकडे खुरपणी, कापणी, वेचणी सगळी बायका करतात. कोणत्या तुकड्यात खुरपे खणकन दगडावर लागते आणि कोणत्या तुकड्यात मऊ जाते, हे घरातल्या पुरुषापेक्षा बाईला अधिक नेमके ठाऊक असते. मागच्या पाच-दहा वर्षांत खुरपे कोठे लागायला लागले, हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत विचारून पाहा. आमच्या गटात हा प्रश्न निघाला तेव्हा अर्ध्या तासात बायकांनी आपापल्या रानाचा नकाशा जमिनीवर खडूने काढून दाखवला होता.

दुसरी गोष्ट मला मनापासून मांडावीशी वाटते, कारण ती कोणी मांडत नाही. जो रान कसतो तोच मालक असतो असे नाही. आमच्या गावातील बरीच जमीन शहरात राहणाऱ्यांची आहे आणि ती वाट्याने किंवा वर्षाच्या खंडाने दिलेली असते. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने उताराला आडवी पेरणी करावी, बांधावर गवत लावावे, ताल (माती-पाणी अडवणारा मोठा बांध) दुरुस्त करावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आम्ही स्वतः चार एकर खंडाने करत होतो आणि त्यातली फुटलेली ताल आम्ही दोन वर्षे तशीच ठेवली, हे मी लपवत नाही. तेव्हा वाटेकऱ्याशी एक बोलणे आणि मालकाशी दुसरे, असे वेगळे करावे लागेल. आमच्या भागात वेळ अमावस्येला मालक मंडळी बायकापोरांसह गावी येतात आणि रानात जेवण करतात. मालकाला त्याच्याच रानातली ओघळ दाखवण्यासाठी यापेक्षा योग्य दिवस मला सुचत नाही. ओघळ हिवाळ्यातही तशीच असते.

उत्तर : प्राथमिक शिक्षक, अक्कलकोट तालुका

शाळेच्या निमित्ताने केलेला एक प्रयोग आणि त्यात झालेली चूक, दोन्ही येथे नोंदवतो.

आम्ही सातवीच्या मुलांना प्रत्येकी एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या दिल्या आणि मोठा पाऊस झाला की आपल्या शेताच्या सांडव्यावरून वाहणारे पाणी भरून आणण्यास सांगितले. अर्थात घरातले मोठे माणूस बरोबर असेल तरच जायचे, अशी अट होती. बाटल्या शाळेच्या ओट्यावर ओळीने मांडल्या. काळ्या रानातले पाणी दोन-तीन दिवस तसेच गढूळ राहते, म्हणून त्यात तुरटीचा खडा फिरवून माती खाली बसवली, वरचे पाणी ओतून टाकले, तळाची माती वाळवली आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोलली. एकरावरून एक इंच पाणी वाहून जाते तेव्हा ते साधारण एक लाख लिटर असते. त्यामुळे बाटलीत दहा ग्रॅम माती निघाली, तर त्या एका इंच पाण्याबरोबर एकरातून सुमारे एक टन माती गेली, असा गुणाकार मुलांनीच फळ्यावर केला. गणिताच्या तासाला मुले इतकी एकाग्र झालेली मी क्वचितच पाहिली आहेत.

चूक अशी झाली, की बाटल्यांवर आम्ही गट क्रमांक लिहिले होते. एका पालकांच्या शेताची बाटली सर्वांत गढूळ होती आणि ती गावाने पाहिली. ते गृहस्थ अत्यंत दुखावले आणि त्यांनी मुलाला पुढे दोन दिवस शाळेत पाठवले नाही. त्यांचे दुःख रास्त होते. त्यांचे रान माथ्याखाली आहे, वरच्या पडीक माळाचे सगळे पाणी त्यांच्याच रानातून जाते, आणि दोष मात्र त्यांच्या नावावर लागला. पुढच्या वर्षी आम्ही बाटल्यांवर नावाऐवजी 'उताराने पेरणी', 'उताराला आडवी पेरणी', 'मटकीचे पीक उभे', 'बांधावर गवत' असे लिहिले. तेव्हा लोक एकमेकांच्या शेताविषयी न बोलता पद्धतीविषयी बोलू लागले, आणि ते गृहस्थही पाहण्यासाठी आले होते.

लहान मुलांसाठी आणखी एक सोपे निरीक्षण आहे. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो पडला की मातीचे कण दोन फुटांपर्यंत उंच उडू शकतात. घराच्या भिंतीवर पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे दिसतात आणि भिंतीजवळ गवत असेल तेथे भिंत स्वच्छ राहते. हे दाखवायला शेतापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

उत्तर : मृदाशास्त्राचा अभ्यासक, सोलापूर

वरील तिन्ही उत्तरे अतिशय उपयुक्त आहेत. आकड्यांच्या बाबतीत काही मर्यादा सांगणे मला आवश्यक वाटते, कारण एकदा आकडा चुकीचा ठरला की सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवायला फार वर्षे लागतात.

देशाची सरासरी ही देशाची आहे, ती कोणा एकाच्या गटाची नाही. एक टक्का उताराचे खोल काळे रान आणि चार टक्के उताराचा मुरमाड माळ यांतून जाणारी माती सारखी नसते. त्यामुळे 'तुमच्या एकरातून पावणेदोन ब्रास जाते' असे ठाम विधान करू नये. 'एक मिलिमीटर गेला तर दीड ब्रास होते' हे विधान मात्र शुद्ध भूमिती आहे आणि ते कोणीही खोडू शकत नाही. तेवढेच सांगून किती मिलिमीटर जाते हा प्रश्न शेतकऱ्यावर सोडावा. बाटलीच्या प्रयोगालाही हीच मर्यादा आहे. पावसाच्या सुरुवातीचे पाणी अधिक गढूळ असते, म्हणून एकाच पावसात तीन-चार वेळा पाणी भरावे.

दगड वर येण्याच्या मुद्द्यात दुरुस्ती हवी. मुरमाड आणि हलक्या जमिनीत पर्यवेक्षक साहेबांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु खोल काळी जमीन ओलीने फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, आणि या हालचालीत दगड खरोखरच हळूहळू वर येतात. ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीनेही ते वर येतात. ओढ्याकाठच्या शेतकऱ्यासमोर दगडाचे उदाहरण दिले, तर तो आपल्या अनुभवाने ते खोटे पाडू शकेल. याच कारणाने काळ्या रानात लोखंडी सळई रोवून माती किती उतरली हे मोजण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेथे जमिनीचा पृष्ठभागच ऋतूप्रमाणे वरखाली होत असतो. त्यापेक्षा जुन्या बांधाच्या दोन्ही अंगांच्या पातळीतील फरक, बांधावरच्या बाभळीची किंवा कडुनिंबाची उघडी पडलेली मुळे आणि शेततळ्यात साचलेला गाळ या खुणा अधिक भरवशाच्या आहेत. शेततळ्यात किती रानाचे पाणी येते हे माहीत असेल, तर उन्हाळ्यात गाळाची जाडी मोजून चांगला अंदाज बांधता येतो.

खतांच्या किमतीत नुकसान सांगण्याची पद्धत आहे, तिच्यापासूनही मी सावध करतो. एक मिलिमीटर मातीबरोबर एकरी सुमारे पाच टन माती जाते आणि आपल्या जमिनींतील नत्राचे प्रमाण पाहता त्यातील एकूण नत्राचा हिशेब युरियाच्या पाच-सहा किलोंच्या आसपास येतो. शेतकरी लगेच म्हणेल, की एवढ्यासाठी कशाला चिंता करायची? आणि त्या हिशेबाने त्याचे म्हणणे चूक ठरत नाही.

सोलापूरच्या कोरडवाहू शेतीत खरे नुकसान ओलीचे आहे. आपली रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते आणि त्यानंतर ती बहुतेक जमिनीत साठलेल्या ओलीवरच उभी राहते. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजली गेली, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या खोल काळ्या मातीच्या ओल धरण्याच्या गुणामुळेच शक्य झाले. आपल्या चिकणमातीच्या एक सेंटिमीटर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी साठते. रानाची खोली दहा सेंटिमीटरने, म्हणजे चार बोटांपेक्षा थोडी अधिक, कमी झाली, तर निदान पंधरा मिलिमीटर पाणी साठवण्याची जागा गेली. एका एकरावर पंधरा मिलिमीटर म्हणजे साठ हजार लिटर, पाच हजार लिटरचे बारा टँकर. सांगोल्यात डाळिंबाची बाग जगवण्यासाठी ज्याने टँकर विकत घेतले आहेत, त्याला बारा टँकरचा अर्थ आपण समजावून देण्याची आवश्यकता नाही. तेवढे पाणी प्रत्येक वर्षी, प्रत्येक एकरात, कायमचे कमी झाले. हे नुकसान ओली भरपूर असलेल्या वर्षी जाणवत नाही. दाणे भरण्याच्या वेळी ओल तुटते त्या वर्षी जाणवते, आणि तेव्हा शेतकरी पावसाला दोष देतो. त्या तरुण शेतकऱ्याच्या पंचनाम्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. नदीकाठी एका रात्रीत खरडले गेले ते डोळ्यांना दिसले म्हणून त्याची नोंद झाली. माळावर गेले ते ज्वारीच्या कणसात दिसते, आणि त्याची नोंद 'यंदा पाऊस कमी' अशी होते.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ च्या सुमारास सुरू झाले आणि येथील केंद्राच्या शिफारशी आपल्याच मातीवर तपासलेल्या आहेत. उपायांकडे वळाल तेव्हा माळाला आणि काळ्या रानाला एकच उपाय सांगू नका. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधांमागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि वाळलेल्या भेगांतून पाणी शिरून बांध फुटतो. तेथे ढाळीचे बांध, म्हणजे जादा पाणी हळूहळू बाहेर जावे म्हणून थोडा उतार दिलेले बांध, आणि सुरक्षित सांडवा लागतो. आपले वडीलधारे बांधाविरुद्ध बोलतात त्यामागे अनेकदा हाच अनुभव असतो, तेव्हा त्यांना अडाणी समजू नये. रब्बीच्या उघड्या रानासाठी पावसाळ्यापूर्वी उताराला आडवे वाफे किंवा सरी-वरंबे करणे, आणि मध्यम जमिनीत खरिपात मूग किंवा उडीद घेऊन मग ज्वारी पेरणे, यांवर आधी बोलावे. त्यात शेजाऱ्याची संमती लागत नाही.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. ही उत्तरे मी छापून घेतली आहेत आणि काल त्या वृद्ध शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बसले. त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, हे मी त्यांना आधी सांगितले. त्यानंतर खालच्या रानात कोणती माती येते असे विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले, की चुलतभावाच्या रानात वाळूच येते आणि पहिली पेरणी दोनदा मोडावी लागली होती. त्यांच्या माळावरच्या तुकड्यात एक जुनी बाभूळ आहे. तिच्या मुळांखालून आता शेळी जाते, लहानपणी ते त्याच मुळांवर बसत असत, हेही त्यांनीच दाखवले.

मोठ्या पावसानंतरच्या शिवारफेरीत पुढे चालण्याचे त्यांनी मान्य केले आहे. बचत गटाची बैठक येत्या मंगळवारी आहे. बार्शीच्या ताईंना एक विचारायचे आहे, वाटेकऱ्याशी आणि मालकाशी एकत्र बोलणे कधी जमले का?

उत्तर : शेतकरी, बार्शी तालुका

एकदाच जमले. आमच्या खंडाच्या त्याच चार एकरांत मालकाने ताल दुरुस्तीच्या जेसीबीचे भाडे द्यायचे, आम्ही बांधावर मारवेल गवताची ठोंबे लावायची, आणि खंड एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी लिहून घ्यायचा, असे ठरले. गवत आमच्या म्हशीला झाले, आणि दुसऱ्या वर्षी तालीच्या वरच्या अंगाला वीतभर गाळ धरला. तीन वर्षांचा कागद हीच त्यातली महत्त्वाची अट होती, तेव्हा बोलणे तेथून सुरू करावे.

उत्तर : निवृत्त कृषी पर्यवेक्षक, मंगळवेढा

त्या बाभळीचा फोटो काढू नका, लोकांना तेथेच घेऊन जा. आजोबा लहानपणी कोठे बसत होते ते त्यांना हाताने दाखवू द्या आणि तेथून आजच्या जमिनीपर्यंतचे अंतर गावातल्याच कोणाला तरी टेपने मोजू द्या. शेतांत शिरण्याआधी शिवारफेरी तेथूनच सुरू करावी.